लेहचे बिऱ्हाड

घोडनदीच्या पुलावर, भाजीबाजारात किंवा पुण्याच्या एसटीत कोणी परिचित गृहस्थ भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय गुरुजी, तिकडे थंडी फार का हो?" थंडी आहे, असे आम्ही सांगतो आणि गृहस्थांचे समाधान होते. खरे पाहता लेहला संसार मांडणाऱ्या कुटुंबास थंडी त्रास देते हे खोटे नव्हे. पण शत्रूंच्या यादीत तिचा क्रमांक तिसरा किंवा चौथा लागतो. पहिला शत्रू डोळ्यांस दिसत नाही व अंगास लागतही नाही. निघण्यापूर्वीचे दोन महिने आम्ही लोकरीच्या कपड्यांच्या याद्या करण्यात घालविले आणि त्या शत्रूचा विचार शेवटच्या आठवड्यात केला. अलीकडे आपल्या घरांतील मुली व सुना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत दूरदूर जाऊ लागल्या आहेत. त्यांच्याबरोबर जावे की न जावे, असा प्रश्न ज्या वडील माणसांपुढे उभा राहील त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहीत आहोत.

आमचे चिरंजीव दौंड जंक्शनवर रेल्वेच्या नोकरीत आहेत. सूनबाई बी. एड. होऊन आठ वर्षे खासगी शाळांतून तुटपुंज्या वेतनावर शिकवीत होत्या. सन २०२४ च्या आरंभी केंद्रीय विद्यालय संघटनेचे नेमणूकपत्र त्यांच्या हाती पडले. सरकारी नोकरांच्या बदल्यांमुळे मुलांच्या शिक्षणाचे हाल होऊ नयेत म्हणून ही विद्यालये १९६३ पासून निघाली. साहजिकच जेथे सरकारी नोकर तेथे शाळा, आणि नव्या उमेदवारांस पहिली नेमणूक पुष्कळदा दूरच्या, कठीण गणलेल्या ठाण्यावर मिळते. पत्रावर ठिकाण होते लेह. चिरंजीवांनी बरोबर जावे तर लेहपर्यंत रेल्वेच गेलेली नाही. मग बदली मागावी ती कोठली? नात चार वर्षांची. आळीतील वडीलधाऱ्यांचे मत पडले की सुनेने नोकरी नाकारावी, नवऱ्याच्या पगारात भागते आहे. आम्ही छत्तीस वर्षे शाळेत मुलींस शिका, पायांवर उभ्या राहा म्हणून सांगितले. तेच तोंड घरच्या मुलीस दुसरे काय सांगणार? तरीही आम्ही चार दिवस गप्पच होतो, हे कबूल केले पाहिजे. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, "मी जाते पोरीबरोबर. तुम्ही येता का, तेवढे सांगा."

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. आमची सारी हयात शब्दरूपे व समास घोकून घेण्यात गेलेली. भूगोल यथातथाच. म्हणून नातीच्या बापाने एक दिवस आकडे कागदावर लिहून पुढे ठेवले. शिरूर समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेदोन हजार फूट उंच, लेह साडेअकरा हजार. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोनतृतीयांश उरतो, आणि म्हणून दर श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच. शरीर हे ओळखून श्वास जलद करते व पुढील काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. परंतु त्यास अवधी द्यावा लागतो. तो न दिल्यास डोके ठणकते, अन्न नकोसे होते, आणि क्वचित फुप्फुसांत पाणी भरून माणूस दगावतो. शिरूरच्या आमच्या डॉक्टरांनी दोघांच्याही तपासण्या केल्या. सौ.स रक्तदाबाची गोळी चालू होती. ते म्हणाले, "जाऊ नका असे म्हणत नाही; पण तेथे पोचल्यावर दाब रोज मोजा, आणि वाढला तर परत फिरण्याची लाज धरू नका." ह्या वाक्याचा उत्तरार्ध आम्ही नीट ऐकला नाही.

सामानाच्या बाबतीत आमची फजिती झाली ती सांगतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लोणच्याच्या चार बरण्या, तुपाचा डबा, सांडगे, पापड असा सरंजाम सौ.ने वैशाखात सिद्ध केला. भांडी व अंथरुणे धरून हे सर्व एका वाहतूकवाल्याच्या स्वाधीन केले. आठ दिवसांचा वायदा होता. सामान सत्ताविसाव्या दिवशी आले, आणि बरण्यांपैकी शाबूत एकच. पाट्याएवढ्या जागेत पोळ्या लाटून आम्ही ते सत्तावीस दिवस काढले. हवाबंद पिशव्या मात्र फुटबॉलसारख्या फुगून आल्या होत्या. आत बंद झालेली हवा शिरूरची. बाहेरचा दाब कमी होताच ती पसरू लागली, इतकेच त्यातील शास्त्र. देव्हाऱ्यातील टाक धाकट्या बंधूंकडे दौंडास ठेवले होते. बाळकृष्ण तेवढा सौ.च्या पिशवीत बसून आला.

मार्गाविषयी एक सूचना. दिल्लीहून विमानाने दीड तासात लेह गाठता येते, आणि तरुणांनी तसे खुशाल जावे. मात्र पहिले दोन दिवस पडून राहिले पाहिजे. आम्ही म्हातारी माणसे हळूहळू चढलो. पुण्याहून निघणारी झेलम एक्सप्रेस दौंड, मनमाड करीत जम्मूस जाते. चिरंजीव मनमाडपर्यंत बरोबर आले आणि मुलीस गाडीतून खाली उतरू न देता फलाटावरूनच परतले. जम्मूहून श्रीनगर पाच हजार फुटांवर. तेथे तीन दिवस राहिलो. मग जोजी खिंड ओलांडून कारगिल, पावणेनऊ हजार फुटांच्या जवळपास. तेथे दोन दिवस. नंतर साडेतेरा हजार फुटांच्या फोटू खिंडीवरून लेह. मनालीकडून येणारा रस्ता देखणा आहे म्हणतात, पण त्यावरील खिंडी सोळासतरा हजार फुटांवर जातात, आणि पहिल्याच खेपेस वृद्धांनी त्या वाटेस जाऊ नये.

लेहला पहिल्यांदा दिसले ते आमचेच माळवद! शिरूर-दौंडकडील जुन्या घरांवर कौले नसत. तुळया, वर फळ्या किंवा पेंढा, त्यावर मातीचे सपाट धाबे. पाऊस बेताचा म्हणून हे चालत असे. लेहलाही तेच, आणि कारणही तेच. आपण सह्याद्रीच्या आड, ते हिमालयाच्या. आपल्याकडे वीस इंच पडला की बरे साल. तेथे वर्षाकाठी चार इंच. ६ ऑगस्ट २०१० च्या पहाटेपूर्वी तेथे ढगफुटी झाली तेव्हा मातीची घरे वाहून गेली व शेकडो माणसे मेली. एरवी सारी शेती बर्फाच्या पाण्यावर. गावोगाव पाटाचे पाणी कोणी केव्हा घ्यावे हे ठरविणारा माणूस नेमलेला असतो. त्यास चुरपोन म्हणतात. चासकमानच्या पाटावर रात्रीची पाळी राखणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांस हे सांगितले तेव्हा लेह त्यांना एकदम जवळचे वाटू लागले.

आम्ही ज्या घरात दोन खोल्या घेतल्या त्याची मालकीण सत्तरीची वृद्धा. लडाखी भाषेत आजीस 'अबी' म्हणतात आणि आदरार्थ पुढे 'ले' जोडतात, जसे आपण 'जी' लावतो. म्हणून सारे घर तिला अबी-ले म्हणे. तिला हिंदी येई ती बाजारापुरती, सौ.ची हिंदी त्याहून थोडी. तरी तिसऱ्या दिवशी दोघी माळवदावर बसून जर्दाळू फोडीत होत्या. अबी-लेने भाजलेल्या सातूचे पीठ पुढे ठेवले. सातू म्हणजे मुळात यवच. सक्तु हा शब्द वेदांत आला आहे. आपण गव्हाचे व डाळ्यांचे करतो त्या पिठासही तेच नाव राहिले. सौ.ने त्यात गूळ कालविला, अबी-ले मीठ घातलेल्या लोण्याच्या चहात कालवून खाई, आणि दोघींनीही एकमेकींची कृती मनोमन नापसंत केली.

स्वयंपाकाची गोष्ट वेगळी. तेथे पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळू लागते. त्यापुढे कितीही जाळ घाला, ते तापत नाही. उघड्या पातेल्यातील तुरीची डाळ दोन तासांनीही मोडेना. कुकरावाचून लेहला वरणभात नाही, आणि कुकराच्या रबराच्या कड्या चार जास्त न्याव्या. खोबरेल तेल ऑक्टोबरात दगड होते. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्त येते. पाणी तहान नसताही प्यावे. तुळस खिडकीच्या काचेआड सप्टेंबरपर्यंत छान राहिली, पुढे तिची पाने झडली. स्नानाचा प्रश्न आम्हांस वाटला होता तितका कठीण निघाला नाही. शास्त्रकारांनी पाण्यावाचूनची स्नानेही सांगून ठेवली आहेत : मंत्राचे, भस्माचे आग्नेय, गोरजाचे वायव्य, मनाने करावयाचे मानस. पाठ करताना आम्ही त्यांस हसत होतो. 'कुमारसंभवा'च्या आरंभी कालिदासाने बर्फास हिमालयाचा एक किरकोळ दोष म्हणून सोडून दिले आहे. त्याच्यावर सकाळी बादलीतला बर्फ फोडण्याची पाळी आली नसावी.

खोली तापविण्यास बुखारी असते, म्हणजे लाकडाची किंवा रॉकेलची शेगडी, धूर बाहेर नेणाऱ्या नळीची. ह्या शेगडीशी थट्टा नको. ऊब जाऊ नये म्हणून लोक फटी बुजवितात आणि झोपेत विषारी वायूने मरतात. उत्तरेकडून अशी बातमी हिवाळ्यात येतेच. अबी-लेने पहिल्याच दिवशी सूनबाईस खिडकीची एक फट बोटाने दाखविली आणि ती कधीही बुजवावयाची नाही, असे हाताने खुणावून सांगितले.

भाद्रपद लागताच सारे गाव वाळवणास लागले. आपले वाळवण चैत्र-वैशाखात, पावसाळ्यासाठी. त्यांचे शरदात, हिवाळ्यासाठी. माळवदावर टोमॅटोच्या चकत्या, पालेभाज्या, जर्दाळू. अंगणात खड्डा खणून बटाटे, गाजरे, सलगम मातीआड पुरून ठेवावयाचे. मातीखाली ती गोठत नाहीत. बर्फाने रस्ते बंद झाले की ताजी भाजी येते ती विमानाने, आणि तिचे दर ऐकून माणूस मातीतल्या बटाट्याकडे वळतो. सौ. ह्या कामात इतकी रमली की सांडग्यांचा एक घाणा तिने माळवदावरच घातला. त्या दिवसांत तिचे डोके दुखत असे. ती बोलली नाही. आणि एकदोनदा बोलली तेव्हा आम्ही ते कोरड्या हवेवर ढकलले. दाब रोज मोजावयाचा तो आठवड्याने मोजू लागलो होतो. तीन आठवडे असेच गेले. ऑक्टोबराच्या अखेरीस एका सकाळी ती जिन्यात बसली ती उठेना. रुग्णालयात दाब १८० च्या वर निघाला, बोटास लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा तेथील निरोगी माणसाच्या मानानेही कमी. तेथील तरुण डॉक्टरीण रागे भरली नाही, हेच आम्हांस अधिक लागले. तिने एवढेच विचारले, "खाली केव्हा नेता?"

घरी त्या रात्री कोणी जेवले नाही. सूनबाई म्हणाल्या, "आई, मी राजीनामा देते. सगळेच जाऊ." आम्हांस ते सुटल्यासारखे वाटले, आणि आम्ही बहुधा होही म्हटले असते. सौ. पडल्या पडल्या म्हणाली, "मी इथे राहिले तर तुला माझी काळजी करावी लागेल. पोरीची काळजी करायला आले होते ना मी? माझं तिकीट काढा. राजीनाम्याचं नाव काढलंस तर मी दौंडाला तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही." दुसऱ्या दिवशी अबी-ले वर आली. तिला कोणी काय सांगितले कोण जाणे. तिने नातीचा हात धरला, तिला खाली आपल्या बुखारीजवळ नेऊन बसविले, आणि शाळेच्या वेळेचे आकडे बोटांवर मोजून सूनबाईकडून पक्के करून घेतले.

चौथ्या दिवशी आम्ही विमानाने उतरलो. दिल्लीसच सौ.चे डोके उतरले. डिसेंबरात तेथील शाळांस हिवाळ्याची लांब सुटी लागली तेव्हा मायलेकी दौंडास आल्या. पोर बापास 'जुले' म्हणून नमस्कार करू लागली, आणि आपल्या आजीस दोन दिवस अबी-ले अशी हाक मारीत होती. सौ.ने ती दुरुस्त केली नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही एकटेच गेलो व चार महिने राहून आलो. सौ.स आता तेथे जाण्याची परवानगी नाही. ती नातीशी फोनवर बोलते, आणि आमच्या पोळ्यांची तक्रार दोन हजार किलोमीटरांवरून ऐकून घेते. आमच्या पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात.

अबी-लेस कुरडया फार आवडल्या होत्या. यंदा सौ.ने शिरूरच्या गच्चीवर दोन घाणे जास्त घातले. एक घरचा, एक तिचा. पार्सल कापडात शिवून सोमवारी टपालात टाकले. हवाबंद पिशवी वापरली नाही.