फौजी कार्ड आणि मेडिक्लेम

सातारा-सांगली भागात दवाखाना चालवायचा, म्हणजे माजी सैनिक समोर येणारच. अपशिंगे तर गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लावते. हल्ली या मंडळींचा एक प्रश्न वारंवार असतो, “डॉक्टरसाहेब, माझं ईसीएचएसचं कार्ड आहे, आणि मुलाच्या पुण्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्येही माझं नाव आहे. ॲडमिट होताना दाखवू कुठलं?”

माजी सैनिकांची ही योजना 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची. वयाची, जुन्या आजाराची अट नाही, खर्चाला ठरावीक कमाल मर्यादा नाही. पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घेऊन यादीतल्या रुग्णालयात गेले, की खिशात हात घालावा लागत नाही. म्हणून मोतीबिंदू, हर्निया, गुडघा अशी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर माझे उत्तर सरळ असते: फौजी कार्ड. मेडिक्लेमची रक्कम बहुधा सगळ्या घरात मिळून असते, ती सुनेला-नातवंडांना राहू द्या.

अमेरिकेत माजी सैनिकांची सरकारी रुग्णालये, सेवेशी संबंध नसलेल्या आजाराचे बिल रुग्णाच्या खासगी विमा कंपनीकडे पाठवतात. 1986 पासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे दोन्ही कार्डे असली, तर त्यांचा मेळ रुग्णालाच घालावा लागतो.

खरी पंचाईत होते ती रात्री-अपरात्री. छातीत कळ आली, जवळचे रुग्णालय यादीत नाही. अशा वेळी यादी शोधत बसू नका, आधी उपचार सुरू करा. मात्र 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. हे काम घरातल्या एकाने आपल्याकडे घ्यावे. नाहीतर प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने कळवले असेल.

मग मेडिक्लेम आधी वापरावा आणि उरलेला खर्च योजनेकडे मागावा. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत 2009 पासून अशी मुभा आहे, आणि ईसीएचएसही बहुतांशी त्याच दरांवर चालते. दोन्हीकडून मिळून प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मिळत नाही. योजनेचा वाटाही सरकारी दरानेच. तुमच्या बाबतीत कोणते कागद लागतील, ते पॉलिक्लिनिकमध्ये आधी विचारून घ्या.

मूळ बिले विमा कंपनीकडे जातात. ती देण्यापूर्वी सगळ्यांच्या झेरॉक्स काढा, कंपनीचा शिक्का-सही त्यांवर घ्या आणि किती रक्कम मंजूर झाली याचे पत्रही मागा. डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिल सोबत जोडा. नुसत्या एकूण रकमेच्या पावतीवर काम होत नाही.