बालगुन्हेगारी आणि शाळेचें कर्तव्य

एखादा मुलगा न्यायासनापुढें उभा राहिला म्हणजे त्याच्या अपराधाची कसून चौकशी होते. परंतु तो शाळेंतून केव्हां व कां नाहींसा झाला, हें क्वचितच विचारलें जातें. दारिद्र्य, घरांतील मारझोड, कुसंगति, अभ्यासांतील पिछेहाट यांपैकीं एकाच कारणानें मूल बिघडतें असें नाहीं. तीं एकत्र आलीं कीं धोका वाढतो. अशा वेळीं शाळाहि सुटली, तर त्याच्याकडे लक्ष देणारें कोणीच उरत नाहीं.

शाळेचा हा प्रभाव प्रयोगानेंहि दिसून आला आहे. अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील इप्सिलँटी येथें १९६२ सालापासून १२३ गरीब कृष्णवर्णीय बालकांचे दोन गट करण्यांत आले. एका गटाला उत्तम बालशाळा व शिक्षिकांच्या साप्ताहिक गृहभेटी मिळाल्या, दुसऱ्याला नाहीं. चाळिशीपर्यंत पांच वा अधिक वेळां अटक झालेले पहिल्या गटांत शेंकडा ३६, तर दुसऱ्यांत ५५ निघाले.

भारतांत २०१५ च्या बालन्याय कायद्यानें आरोपी बालकास तुरुंगांत ठेवण्यास मनाई केली आहे. पण त्याच्या आधींचें काम शाळेचें. विद्यार्थी वारंवार गैरहजर राहूं लागतांच शिक्षकानें त्याचें घर गांठावें, मागें पडलेल्यास वाचन शिकवावें, छडी व हकालपट्टी टाळावी. सुधारगृहांतून परतलेल्या मुलाला तर वर्गांत आवर्जून जागा द्यावी. कारण तेथें दार बंद झालें, तर जुनी संगत त्याची वाट पाहतच असते.