अजिंठ्याची रेषा वाचायला शिकूया

नांदेड-लातूरहून दरवर्षी कितीतरी गाड्या अजिंठ्याला जातात. वंदना होते, फोटो होतात, संध्याकाळी परतीचा प्रवास सुरू होतो. पण तिथली माणसांची चित्रे पाहायची कशी, हे कुणी सांगत नाही. 'हुबेहूब दिसते का?' या एकाच मापाने आपण चित्र मोजतो. अजिंठ्याला ते माप पुरत नाही.

आधी ही चित्रे घडली कशी ते समजून घेऊ. खडकावर माती, भुसा, गवत यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ थर दिला जाई. तो वाळल्यावर गेरूने आकृतीची रेषा काढत. मग रंग भरत आणि शेवटी गडद रेषेने आकृती पक्की करत. थोडी छाया-प्रकाशाची जोड असली तरी शरीराची गोलाई मुख्यतः रेषेनेच उभी राहते.

लेणी क्रमांक १ मधला पद्मपाणि पाहा. मान, कंबर आणि पाय तीन दिशांना किंचित वळलेले आहेत. यालाच त्रिभंग म्हणतात. दोन्ही भुवया एकाच सलग वळणात आल्या आहेत. पापण्या खाली झुकलेल्या, हातात निळे कमळ. कुठेही स्नायू ताणलेला दिसत नाही. करुणा इथे चेहऱ्यावरच्या हावभावापेक्षा शरीराच्या वळणातून कळते.

लेणी १६ मध्ये 'मरणासन्न राजकन्या' आहे. अभ्यासक तिला नंदाची पत्नी सुंदरी मानतात. नंद भिक्खू झाल्याचे कळताच ती कोसळते. ढळलेली मान आणि सैल पडलेले हात पाहिले की दुःख समजायला अश्रू काढावे लागत नाहीत. लेणी १७ मध्ये तथागत भव्य आहेत, यशोधरा आणि राहुल त्यांच्यासमोर अगदी लहान. हे प्रमाण चुकलेले नाही. चित्रकाराने उंचीतून अर्थ सांगितला आहे.

हे आपल्याला का हवे? जयंतीच्या फ्लेक्सवर बुद्ध बहुतेकदा गोरापान आणि गुळगुळीत असतो. अजिंठ्याच्या भिंतींवर मात्र गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, काळ्या अशा सर्व वर्णांची माणसे आहेत आणि सगळीच देखणी. सौंदर्य म्हणजे गोरेपण, ही समजूत आपल्याच वारशात टिकत नाही. हे पाहता आले नाही, तर बाजार देईल ती प्रतिमा आपण मुकाट्याने विहारात लावत राहू.

पाहणे शिकण्याचा जुना मार्ग म्हणजे नक्कल. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली इथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे नांदेड-लातूरचा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर चार खंड काढले.

आपणही सुरुवात करू शकतो. एका चित्राचा छापील फोटो घ्या. फक्त एक हात किंवा मान निवडा. खोडरबर न वापरता, सावकाश, एकाच रेषेत काढा. रेषा कुठे जाड होते, कुठे विरते ते पाहा. औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यांत कोरलेल्या आकृतींसमोर बसूनही हा सराव होतो. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना एक पेन्सिल आणि अर्धा तास दिला, तरी अजिंठ्याच्या पुढच्या सहलीत ती भिंतीसमोर जास्त वेळ थांबतील.