मज्जातंतूंमधली वीज

१९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माकुळाच्या मज्जातंतूत एक बारीक इलेक्ट्रोड आत सरकवला. माणसाचे तंतू यासाठी फारच बारीक. माकुळाचा सर्वांत मोठा तंतू मात्र सुमारे अर्धा मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारा.

शांत तंतूची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असते. संदेश जाताना हा फरक फार तर शून्यावर येईल, असा तोवरचा समज होता. प्रत्यक्षात तो शून्य ओलांडून धन बाजूला गेला. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटलं आणि काम थांबलं. या कोड्याचं सविस्तर उत्तर दोघांनी १९५२ मध्ये मांडलं. १९६३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

उत्तर क्षारांत होतं. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. तंतूच्या पातळ आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. पुरेशी चेतना मिळताच ती उघडतात, धनभारित सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू क्षणभर धन होते. साधारण मिलिसेकंदभरात ही दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि तंतू पूर्ववत होतो. तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात. फटाक्यांच्या माळेतला प्रत्येक फटाका स्वतःच्या दारूवर वाजतो, तसा हा संदेश टप्प्याटप्प्यावर नव्याने तयार होतो. म्हणूनच पायाच्या अंगठ्यापासून निघूनही वाटेत क्षीण होत नाही.

वेग मात्र सगळ्या तंतूंचा सारखा नसतो. मायलिनचं स्निग्ध वेष्टन असलेल्या जाड तंतूंत तो सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो, तर वेष्टन नसलेल्या वेदनातंतूंत जेमतेम एक मीटर. ठेच लागल्यावर आधी धक्का कळतो आणि ठणका मागून येतो, तो यामुळेच.

फिट येते तेव्हा मेंदूतल्या असंख्य पेशींमधली ही वीज एकाच वेळी बेबंद उसळते. फेनिटॉइनसारखी औषधं सोडियमच्या याच दारांवर काम करतात. वासाने ही दारं मिटत नाहीत; म्हणून फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. तोंडातही काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर तातडीने दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या कधीही बंद करू नका.