खाडीतल्या गाळाचा कण केवढा? बाटलीत भरला की उत्तर बदलतं

मासवणला मामाकडे पावसाळ्यात गेलं की सूर्या नदीचं पाणी दुधाच्या चहासारखं दिसतं. नळ बंद असला की आजी तेच पाणी हंड्यात भरायची, तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवायची आणि झाकून ठेवायची. सकाळी वर निवळ पाणी, तळाला गाळ. (तुरटीनं गढूळपणा जातो, जंतू जात नाहीत. पाणी उकळायला हवंच.) त्या हंड्यात जे होतं, तेच पुढे समुद्राजवळ फुकटात होतं, हे मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट फसल्यावर कळलं.

प्रोजेक्ट साधा होता. एक एलईडी, समोर कोनात प्रकाश ओळखणारा सेन्सर, मागे आर्डुइनो. पाणी जितकं गढूळ तितका प्रकाश जास्त विखुरतो. नदीकाठची माती वाळवून, खलून, वजन करून पाण्यात मिसळली आणि किती गाळाला किती व्होल्ट याचा तक्ता बनवला. मासवणच्या पाण्यावर आकडे छान जुळले. मग तेच यंत्र घेऊन दातिवऱ्याच्या बाजूला खाडीवर गेलो. सूर्या पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा दातिवरे आणि अर्नाळ्याच्या मधून समुद्रात जाते. तिथं सेन्सर गाळ कमी दाखवत होता. गाळणकागदावर वजन केलं तर जास्त भरत होता.

पहिली चूक आमचीच निघाली. खाऱ्या पाण्यानं भिजलेला कागद वाळवला की मीठ त्यावरच राहतं आणि आपण त्याचंही वजन करतो. डिस्टिल्ड वॉटरनं कागद धुवायला हवा होता. धुतला. फरक कमी झाला, पण गेला नाही. दोन आठवडे आम्ही वायरिंगला दोष देत बसलो.

खरा दोष कणांच्या आकारात होता. सेन्सर गाळाचं वजन मोजत नाही, ढोबळमानाने कणांचा पृष्ठभाग मोजतो. २ मायक्रॉनच्या एक ग्रॅम मातीचा पृष्ठभाग २० मायक्रॉनच्या एक ग्रॅम मातीच्या दहापट असतो. आम्ही खलून बारीक केलेल्या मातीवर तक्ता बनवला होता आणि खाडीतले कण तसे नव्हते.

का नव्हते? सह्याद्रीचा काळा दगड झिजून जी चिकणमाती बनते तिचे कण फार बारीक असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात ते एकमेकांना ढकलतात. पाण्यात मीठ आलं की सोडियम, मॅग्नेशियमचे धनभारित आयन ही ढकलाढकली झाकून टाकतात. मग कण एकमेकांना आदळले की चिकटतात आणि त्यांचे भुसभुशीत पुंजके बनतात, अगदी काही दशांश मिलिमीटरपर्यंतचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पण पुंजके बनायला दोन-चार ग्रॅमही पुरतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हंड्यात असंच पुंजके बनवण्याचं काम करतं.

घरी करून बघा. पावसाळ्यातलं नदीचं पाणी दोन बरण्यांत भरा, एकीत लिटरला चमचाभर मीठ ढवळा आणि तासाभरानं बघा.

आता हिशोब. कण पाण्यात किती वेगानं बुडतो हे स्टोक्सच्या नियमानं काढता येतं. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २ मायक्रॉनचा सुटा कण एक मीटर बुडायला साधारण तीन दिवस घेतो. पुंजक्यात पाणीच जास्त, त्यामुळे तो हलका असतो. तरीही सेकंदाला अर्धा मिलिमीटर वेग धरला तर तेवढंच अंतर अर्ध्या तासाच्या थोड्या वर कापतो. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी थोडा वेळच थबकतं. तीन दिवसवाला कण तेवढ्यात कुठंच बसत नाही, पुंजका बसतो. खाडीच्या तोंडाशी गाळ का साचतो आणि होड्यांना आत यायला भरतीची वाट का बघावी लागते, याचं मोठं कारण इथं आहे.

म्हणजे खाडी कुठं भरेल हे सांगायला पुंजक्याचा आकार हवा. आणि नेमका तोच हातात येत नाही. बाटलीत पाणी भरताना, गाडीत हलताना पुंजके मोडतात, किंवा बाटलीत उभ्या उभ्या नवेच बनतात. मातीची प्रयोगशाळा तर रसायन घालून, ध्वनिलहरींनी हलवून कण मुद्दाम सुटे करते. तिचा आकडा चुकीचा नसतो, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो.

म्हणून यंत्रच पाण्यात सोडतात. लिस्ट-१०० नावाचं यंत्र लाल लेझर पाण्याच्या ५ सेंटिमीटर फटीतून सोडतं. मोठा कण प्रकाशाला थोडंसंच वळवतो, बारीक कण जास्त कोनात फेकतो. समोर एकात एक अशी ३२ प्रकाशसंवेदी वलयं असतात. कुठल्या वलयावर किती उजेड पडला यावरून उलटं गणित करून ३२ गटांत कणांचं प्रमाण काढतात. हा भाग मला, कोड लिहिणाऱ्या माणसाला, सगळ्यात आवडतो आणि त्याचीच भीतीही वाटते. उलट्या गणितात मोजमापातली छोटी चूक उत्तरात मोठी होते, म्हणून प्रमाण ऋण येऊ नये, उत्तर गुळगुळीत यावं अशा अटी घालाव्या लागतात. त्या अटी कोणी घातल्या हे न विचारता आलेख वाचू नये, असं माझं मत आहे.

खाडीत त्याचे आणखी हाल होतात. जुलैच्या गढूळ पाण्यातून लेझर पलीकडे पोचतच नाही, मग काच बसवून फट अरुंद करावी लागते. आणि गोडं पाणी वर, खारं खाली असं असेल तर त्यांच्या सीमेवर लेझर आपोआप थोडा वाकतो, उन्हात तापलेल्या रस्त्यावरची हवा थरथरते तसा. यंत्राला वाटतं मोठे कण आले. असतं तिथं फक्त मीठ. म्हणून क्षारता सोबत मोजली नसेल तर त्या थरातल्या ‘मोठ्या कणांवर’ मी विश्वास ठेवत नाही.

आमचा सेन्सर अजून मामाच्या माळ्यावर आहे. मासवणच्या पाण्यावर तो बरोबर चालतो. खाडीचा तक्ता बनवायचा तर खाडीचंच पाणी, न खलता, तिथल्या तिथं मोजायला हवं.