चिलेटेड झिंक ते डिटॉक्स गोळी

यवतमाळच्या कुठल्याही कृषी केंद्रात ‘चिलेटेड झिंक द्या’ म्हटलं की दुकानदार न बोलता पुडी काढतो. हल्ली ‘अंगातले जड धातू बाहेर काढा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमागेही रसायन त्याच जातीचं. काम मात्र उलटं!

नांगीत धातू. खेकडा भक्ष्य नांग्यांत धरतो, तसा चिलेटचा रेणू धातूला पकडतो. चुनखडीच्या जमिनीत साधं जस्त मातीतच अडकतं. ईडीटीए या चिलेटने धरलेलं मात्र विरघळलेलं राहतं आणि कपाशीला मिळतं. पुडीत जस्त असतं 12 टक्के.

जन्मही कापडापायीच. कापड रंगवताना पाण्यातलं कॅल्शियम रंग बिघडवायचं. त्यावर उपाय शोधताना फर्डिनांड म्युन्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1935 मध्ये ईडीटीएचं पेटंट घेतलं.

निसर्ग आधीपासूनच हुशार. कपाशीच्या पानातलं हरितद्रव्य म्हणजे मॅग्नेशियम धरून बसलेलं चिलेट. मॅग्नेशियम कमी पडलं की पानं लाल पाडणारा लाल्या रोग डोकं वर काढतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन तसंच लोह धरून असतं.

जांभळं झाकण. सीबीसीसाठी रक्त घेतात त्या नळीत ईडीटीए असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही.

युद्धाची देणगी. लुइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये ‘बाल’ नावाचं औषध तयार झालं. तेही धातू धरणारं चिलेटच.

खरा उपयोग कुणाला? लहान मुलाच्या रक्तात डेसिलिटरमागे 45 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आढळलं, तर चिलेटच्या औषधाने उपचार करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याआधी शिसं येतं कुठून ते शोधून बंद करायचं. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भाच्या ओळखीचा. त्यात वारंवार रक्त चढवून लोह साचलं, तर डॉक्टर डेफेरासिरॉक्स हे लोह धरणारं औषध देतात.

एका शब्दाचा घोळ. 2005 मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला कॅल्शियम डायसोडियम ईडीटीएऐवजी नुसतं डायसोडियम ईडीटीए दिलं गेलं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं आणि मूल दगावलं. नांगीला शिसं आणि कॅल्शियम यांतला भेद कळतोच असं नाही.

डिटॉक्स विकणाऱ्यांच्या चाचणीची चलाखी. आधी चिलेटचं औषध द्यायचं, मग लघवी तपासायची. धातू तर निरोगी माणसाच्याही लघवीत वाढलेले दिसणारच! तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या आकड्याशी ताडला की गिऱ्हाईक घाबरतं.

दुकानातून थेट? नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना चिलेशनच्या गोळ्या विकणाऱ्या आठ कंपन्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये तंबी दिली.

आपलं दुखणंच वेगळं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं म्हणजे जड धातू नव्हेत. त्यांच्या विषबाधेवर उतारा ॲट्रोपिनचा. जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आणि तेही धातू नाही. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पाणी बदला किंवा शुद्ध करा. तुरटी-चुन्याची त्यासाठीची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच काढली आहे.

तेव्हा डिटॉक्सच्या डबीवर पैसे उधळण्यापेक्षा फवारताना हातमोजे आणि मास्क घाला, बोअरचं पाणी तपासून घ्या. आणि चिलेटेड पुडी? ती कपाशीलाच लखलाभ!