फुरसुंगीचा बनेश आणि आपल्या घरातील मुले

मुलांच्या हाती हलकीफुलकी साहसकथा दिसली, म्हणजे वडील मंडळी बहुधा विचारतात, “यातून बोध काय घ्यावयाचा?” प्रश्न रास्त आहे, परंतु तो विचारणाऱ्यांनी भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांची ‘फास्टर फेणे’ ही वीस पुस्तकांची कथामाला एकदा स्वतः चाळून पाहावी.

बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्यास विद्याभवन शाळेत शिकावयास येतो. अंगाने काडीसारखा, सायकल वायुवेगाने पिटाळणारा, आणि जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढण्याची खोड असलेला. असा हा पोर नको तेथे नाक खुपसतो, संकटात सापडतो आणि प्रसंगावधानाने निसटतो. लेखक मात्र उपदेशाचे चकार अक्षर काढीत नाही. धैर्य, मित्रप्रेम व सत्याची चाड हे गुण कथेच्या ओघातच वाचकाच्या अंगी मुरतात. विष्णुशर्म्याने राजा अमरशक्तीच्या शास्त्रविमुख पुत्रांस सहा महिन्यांत नीतिनिपुण केले, ते तरी कोल्ह्याकावळ्यांच्या गमतींतूनच ना?

आम्हांस याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. आमच्या पिंपळनेरहून, किंबहुना अवघ्या साक्री तालुक्यातून, मुले शिक्षणासाठी धुळ्यास, नाशिकास, पुण्यास जातात. त्यांच्या बोलण्यातील अहिराणी हेल ऐकून कोणी हसले, की हुशार मुलगाही वर्गात तोंड मिटून बसतो. बनेशही खेड्यातलाच, पण फुरसुंगीचे नाव सांगताना त्याची मान खाली जात नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांस सांगणाऱ्या भागवतांना परदेशी वळणाचा नायक उभा करणे अवघड नव्हते. त्यांनी आपल्याच मातीतला पोर निवडला, हे त्यांचे उपकार होत.

दोषही सांगितले पाहिजेत. योगायोगांची रेलचेल आहे; भामटे नेमके बनेशच्याच वाटेवर येतात. साहसाचा मान बहुतेक मुलाकडेच जातो, आणि तितक्याच आवडीने वाचणाऱ्या आपल्या नातींना ते खटकल्यास नवल नाही. सलग पाचसहा पुस्तके वाचली, तर साचाही ध्यानात येतो.

१९८७ साली दूरदर्शनवर त्याची मालिका झाली. २०१७ च्या चित्रपटात बनेश तरुण होऊन अवतरला. पडद्यावर तो पाहण्यास कोणाची हरकत नसावी. तथापि पुस्तकातील पोरकट बनेश मुलांना अधिक जवळचा वाटेल, असे आमचे मत आहे. घरातील एखाद्याने रात्रीच्या जेवणानंतर एक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि ऐन रंगात आले असता पुस्तक मिटावे. पुढचे प्रकरण मुले आपण होऊन वाचतील. मराठी वाचनाची गोडी लागावयास याहून सोपा उपाय आम्हांस ठाऊक नाही.